एक्सेलमधलं ‘डेटा ॲनालिसिस’ गायब झालंय? ऑफिस पुन्हा टाकण्याआधी हे तपासा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीचं काम हाती घेतलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक फाइल माझ्याकडे आली. शाफ्टच्या व्यासाची रोजची मापं, त्यांचा हिस्टोग्राम आणि शेवटी सीपीके, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादांत किती नीट बसतात ते सांगणारा आकडा. आधीच्या माणसाने ती वर्षानुवर्षं निगुतीने सांभाळली होती. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर मापं सगळी जागच्या जागी, पण शेवटच्या कॉलमात वरपासून खालपर्यंत ‘#नेम?’. डेटा टॅबच्या उजव्या टोकाला ‘डेटा ॲनालिसिस’ असायला हवं, तिथे मोकळी जागा. प्रॉडक्शनचे भाई दारातूनच विचारून गेले, “बेन, फाइल तो आवी गई, पण आंकडा नथी देखाता?” ग्राहकाचं ऑडिट तीन दिवसांवर आलं होतं.

तेव्हा मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी कॉम्प्युटरवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून टाकलं आणि पुन्हा इन्स्टॉल केलं, तेही दोनदा. अख्खा शनिवार त्यात गेला. खरी दुरुस्ती एका टिकमार्कएवढी होती.

यातली मुख्य गोष्ट आधी समजून घ्या. फाइल म्हणजे चकलीचं भिजवलेलं पीठ, आणि ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जास्तीची कामं करायला लावणारा जोड-प्रोग्रॅम, हा सोऱ्या. पीठ डब्यात घालून शेजारी देता येतं, पण सोऱ्या ज्याचा त्याच्या घरीच राहतो. फाइल मेलने आली, पेनड्राइव्हवर आली तरी तिच्यातली आकडेमोड करणारं ॲड-इन तिच्यासोबत येत नाही. ते प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं असावं लागतं आणि चालूही करावं लागतं. म्हणून ‘फाइल खराब झाली’ असा निष्कर्ष एकदम काढू नका. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते.

मेनूंची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. बडोद्यातल्या बहुतेक ऑफिसांत एक्सेल इंग्रजीच असतं, त्यामुळे पडद्यावर तीच नावं इंग्रजीत दिसतील.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- फाइलची एक प्रत, ‘मूळ’ असं नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली. सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.
- एररचा स्क्रीनशॉट, फॉर्म्युला बारसकट.
- फाइल आधी ज्या कॉम्प्युटरवर चालत होती तो, किंवा निदान तो वापरणाऱ्याचा फोन नंबर.
- जुन्या रिपोर्टची छापील प्रत किंवा पीडीएफ. उत्तर बरोबर आलं की नाही हे शेवटी याच्याशीच ताडून पाहायचं आहे.
- ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो माणूस. त्याला आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी तो जेवायला गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती फाइल पहिल्यांदा उघडतानाच लक्षात ठेवायची. मेलवरून आलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते, ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’. ती असेपर्यंत एक्सेल नव्याने हिशोब करत नाही, शेवटचं सेव्ह करताना जे आकडे होते तेच दाखवतं. म्हणजे ॲड-इन नसलं तरी जुनी उत्तरं त्या वेळी समोर दिसत असतात. ‘एनेबल एडिटिंग’ दाबण्याआधी त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नंतर हिशोब पुन्हा झाला की त्यांच्या जागी ‘#नेम?’ येऊ शकतं, आणि ती फाइल तशीच सेव्ह झाली की जुनी उत्तरं गेली.

१. लक्षण नीट वाचा

‘चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. चार वेगळे आजार आहेत आणि चौघांची औषधं वेगळी.

बटणच दिसत नसेल, म्हणजे ‘डेटा ॲनालिसिस’ किंवा ‘सॉल्व्हर’ (अटी सांभाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं ॲड-इन) डेटा टॅबवर नसेल, तर ॲड-इन चालू नाही. पायरी ३ आणि ४ पाहा.

सेलमध्ये ‘#नेम?’ असेल तर तो सेल निवडून फॉर्म्युला बारमध्ये पाहा. तिथे ड्राइव्हचं आणि फोल्डरचं लांबलचक नाव दिसलं, किंवा एक्सेलमध्ये कधी न पाहिलेलं फंक्शन दिसलं, तर कोणीतरी बनवलेलं ॲड-इन तुमच्याकडे नाही. पायरी ५.

फंक्शनच्या नावाआधी ‘_एक्सएलएफएन’ आणि टिंब लागलेलं दिसलं, तर ॲड-इन शोधत बसू नका. ते फंक्शन तुमच्या एक्सेलच्या आवृत्तीतच नाही. उदाहरणार्थ एक्सलुकअप २०१६ आणि २०१९ च्या एक्सेलमध्ये नाही, २०२१ मध्ये आणि ३६५ मध्ये आहे. तिथे इंडेक्स-मॅच वापरून फॉर्म्युला नव्याने लिहावा लागतो.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चालवताना प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही अशी खिडकी आली तर पायरी ६.

२. तुमचं एक्सेल कोणतं आहे ते लिहून ठेवा

फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल. उघडलेल्या खिडकीत सगळ्यात वर आवृत्ती आणि ‘३२-बिट’ की ‘६४-बिट’ हे लिहिलेलं असतं. दोन्ही कागदावर उतरवा, पुढे लागणार आहे.

एक्सेल ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडलेलं असेल तर इथेच थांबा. ‘डेटा ॲनालिसिस’चं बटण ज्या ॲड-इनमुळे येतं ते ॲनालिसिस टूलपॅक तिथे मिळतच नाही. आमच्या दांडिया बाजारच्या घराशेजारी राहणाऱ्या काकूंची मुलगी सयाजीराव विद्यापीठात एम.कॉम. करते. प्रोजेक्टसाठी ती दोन दिवस ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये रिग्रेशनचं बटण शोधत होती. ते तिथे नव्हतंच. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या एक्सेलमध्ये तीच फाइल उघडली आणि पाच मिनिटांत काम झालं.

मॅक असेल तर मार्ग थोडा वेगळा: वरच्या टूल्स मेनूत ‘एक्सेल ॲड-इन्स’. मॅकच्या २०११ च्या एक्सेलमध्ये मात्र टूलपॅक नाहीच, कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

३. टूलपॅक आणि सॉल्व्हर चालू करा

हे दोन्ही एक्सेलसोबतच येतात. डाउनलोड करायचं काही नसतं, फक्त झोपलेले असतात.

फाइल, ऑप्शन्स, डावीकडे ॲड-इन्स. खिडकीच्या अगदी तळाशी ‘मॅनेज’ नावाची छोटी यादी आहे. तिच्यात ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडून शेजारचं ‘गो’ दाबा. नवशिके इथेच फसतात. वरच्या मोठ्या यादीत ‘ॲनालिसिस टूलपॅक’ हे नाव दिसतं, म्हणून ते त्याच्यावर क्लिक करतात आणि ओके दाबून बाहेर पडतात. त्या यादीत क्लिक करून काहीच होत नाही, ती फक्त बघायची. खरं काम तळातल्या ‘गो’ने होतं.

पुढच्या छोट्या खिडकीत ‘ॲनालिसिस टूलपॅक’ आणि ‘सॉल्व्हर ॲड-इन’ यांच्यापुढे टिक करा आणि ओके. ‘हे इन्स्टॉल केलेलं नाही, करू का?’ असं विचारलं तर ‘येस’. तिथेच ‘ॲनालिसिस टूलपॅक व्हीबीए’ असं जुळं नाव दिसेल. ते मॅक्रोतून टूलपॅक वापरणाऱ्यांसाठी आहे. नुसतं बटण हवं असेल तर त्याची गरज नाही.

४. टिक केली तरी बटण येत नाही

माझा शनिवार इथेच गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात सोपं आधी करा. टिक काढा, ओके, एक्सेल पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, पुन्हा टिक. ‘पूर्ण बंद’ म्हणजे उघड्या असलेल्या सगळ्या फाइली बंद.

मग खिडकीच्या वरच्या पट्टीत ‘सेफ मोड’ लिहिलंय का पाहा. एक्सेल उघडताना कंट्रोलचं बटण दाबलं गेलं की ते सेफ मोडमध्ये उघडतं, आणि त्या अवस्थेत ॲड-इन्स येत नाहीत.

एक्सेल तुम्ही कुठून उघडलं, हेही महत्त्वाचं आहे. आमच्याकडे स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्सपोर्ट’ दाबलं की एक्सेल आपोआप उघडायचं आणि त्या खिडकीत ॲड-इन्स कधीच नसायचे. दुसऱ्या प्रोग्रॅमने एक्सेल सुरू केलं तर ते ॲड-इन्स न घेता सुरू होतं. हे कळायला मला फार दिवस लागले. उपाय साधा आहे: एक्सपोर्ट झालेली फाइल सेव्ह करा, एक्सेल बंद करा, स्टार्ट मेनूतून एक्सेल उघडा आणि मग त्यात ती फाइल.

यानंतर ‘डिसेबल्ड आयटेम्स’. एखादं ॲड-इन चालू असताना एक्सेल कधी कोसळलं असेल तर एक्सेल त्या ॲड-इनला बाजूला काढून ठेवतं आणि तुम्ही टिक करत राहिलात तरी घेत नाही. पुन्हा तीच तळातली ‘मॅनेज’ यादी, या वेळी ‘डिसेबल्ड आयटेम्स’ निवडा, ‘गो’ दाबा. तिथे नाव असेल तर निवडून ‘एनेबल’ करा आणि एक्सेल पुन्हा सुरू करा.

आणि आता ती टिकमार्क. बाहेरून आलेल्या ॲड-इनच्या फाइलवर, म्हणजे मेलमधून किंवा वेबसाइटवरून उतरवलेल्या, विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली आहे’ अशी खूण करून ठेवतं. ती खूण असेल तर एक्सेल ते ॲड-इन गुपचूप नाकारतं. यादीत नाव दिसतं, टिक दिसते, पण वरच्या बटणांच्या पट्टीवर (रिबनवर) काही नाही आणि एररही नाही. एक्सेल बंद करा, फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज. ‘जनरल’ टॅबच्या अगदी तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन आहे. तिथे टिक, अप्लाय, ओके. माझ्या बाबतीत सीपीके काढणाऱ्या ॲड-इनला एवढंच झालं होतं. झिप फाइल असेल तर ती उघडण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलवर ती खूण उतरते.

इथे एक कळकळीची सूचना. ॲड-इन म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेले मॅक्रो आणि २०२३ पासून तशाच एक्सएलएल फाइली (ॲड-इनचाच एक प्रकार) आपणहून अडवायला सुरुवात केली, ती यांच्या आडून व्हायरस पसरत होते म्हणून. ‘अनब्लॉक’ फक्त त्याच फाइलला करा जी बनवणाऱ्याकडून किंवा तुमच्याच ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवरून आली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकलेली, कुठल्याशा ‘फ्री डाउनलोड’ साइटवरची फाइल घेऊ नका. ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ असं करून टाकणारेही भेटतात. तसं केलं की एका फाइलसाठी सगळ्या घराचं दार उघडं राहतं.

५. ‘#नेम?’ आणि फॉर्म्युला बारमधला लांबलचक पत्ता

माझ्या सेलमध्ये फॉर्म्युला असा होता: बरोबरच्या चिन्हानंतर आधी डी ड्राइव्ह, मग आधीच्या भाईंच्या नावाचा फोल्डर, मग ॲड-इनच्या फाइलचं नाव, मग उद्गारचिन्ह आणि शेवटी फंक्शन, ‘सीपीके’. सुरुवातीला माझ्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर नव्हता, त्यामुळे फंक्शनही नाही.

या पत्त्याला वैतागू नका. कोणती फाइल हवी आणि ती कुठे मिळेल, हे त्यातच लिहिलेलं असतं. जुना कॉम्प्युटर शिल्लक असेल तर थेट त्या फोल्डरमध्ये जा. पत्ता नसेल, नुसतं फंक्शनचं नाव असेल, तर जुन्या कॉम्प्युटरवरच्या ॲड-इन्सच्या खिडकीत कुठल्या नावांपुढे टिक आहे ते पाहा.

फाइल मिळाली की आधी अनब्लॉक करा. मग ॲड-इन्सच्या त्याच छोट्या खिडकीत ‘ब्राउझ’ दाबा. जो फोल्डर आपोआप उघडेल त्यातच ॲड-इनची फाइल ठेवणं सगळ्यात चांगलं. डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवून जोडाल तर पेनड्राइव्ह काढला की पुन्हा तेच. यादीतल्या जुन्या नावावर टिक करताना ‘ॲड-इन सापडत नाही, यादीतून काढू का?’ असं विचारलं तर ‘येस’ म्हणा आणि नव्या जागेवरून जोडा.

ॲड-इन आलं तरी सेलमधला जुना पत्ता तसाच राहू शकतो. डेटा टॅबवर ‘एडिट लिंक्स’ उघडा (नव्या ३६५ मध्ये त्याला ‘वर्कबुक लिंक्स’ म्हणतात), ‘चेंज सोर्स’ दाबून ॲड-इनची नवी जागा दाखवा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबा, म्हणजे सगळा हिशोब नव्याने होईल.

एक्सेल २००३ च्या काळातली फाइल असेल तर ईडेट, ईओमंथ, नेटवर्कडेज, एक्सआयआरआर ही फंक्शन्स तेव्हा टूलपॅकमध्ये होती. २००७ पासून ती एक्सेलमध्येच आली, त्यामुळे आता त्यांच्यासाठी काही जोडावं लागत नाही.

६. मॅक्रो लायब्ररी मागतोय

ऑल्ट आणि एफ११ दाबा, वर टूल्स, मग रेफरन्सेस. यादीत एखाद्या ओळीआधी ‘मिसिंग’ असं लिहिलेलं असेल. रेफरन्सेस फिकट दिसत असेल तर मॅक्रो अर्धवट थांबलेला आहे, आधी रीसेट करा.

एररच्या वेळी मॅक्रोमधला जो शब्द रंगवून दाखवला जातो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’सारखा अगदी निरपराध शब्द असतो. दोष ‘मिसिंग’च्या ओळीत असतो. ती लायब्ररी लागत नसेल तर टिक काढा, लागत असेल तर ब्राउझ करून दाखवा. सॉल्व्हर वापरणाऱ्या मॅक्रोसाठी पायरी ३ प्रमाणे सॉल्व्हर चालू करून मग या यादीत ‘सॉल्व्हर’पुढेही टिक करावी लागते. दोन्ही ठिकाणी, एकाने भागत नाही.

७. ३२ आणि ६४ चा घोळ

३२-बिट एक्सेलसाठी बनलेलं एक्सएलएल किंवा कॉम ॲड-इन ६४-बिट एक्सेलमध्ये चढत नाही. ऑफिस २०१९ पासून सहसा ६४-बिटच बसतं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला की हा घोळ हमखास होतो. बनवणाऱ्याकडे ६४-बिट आवृत्ती मागा. नुसत्या मॅक्रोचं ॲड-इन असेल, एक्सएलएएम प्रकारचं, तर ते बहुधा दोन्हीकडे चालतं.

८. ॲड-इन मिळतच नसेल तर

बनवणारा नोकरी सोडून गेला, जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, असंही होतं. तेव्हा ते फंक्शन काय करत होतं हे समजून घेऊन साध्या फॉर्म्युल्यांत लिहा. सीपीकेचंच घ्या. वरची मर्यादा वजा सरासरी, आणि सरासरी वजा खालची मर्यादा. दोन्हींना प्रमाण विचलनाच्या (मापं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याच्या आकड्याच्या) तिपटीने भागायचं आणि लहान उत्तर घ्यायचं. मर्यादा २५.०५ आणि २४.९५ मिमी, सरासरी २५.०१, विचलन ०.०१ असेल तर एक उत्तर १.३३ आणि दुसरं २.००. सीपीके १.३३. ॲव्हरेज, एसटीडेव्ह.एस आणि मिन एवढ्या तीन फंक्शन्समध्ये हे बसतं.

पण इथे उत्तर जुन्या रिपोर्टशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं जुळलं नव्हतं. जुनं ॲड-इन विचलन वेगळ्या रीतीने काढत होतं: पाच-पाच मापांचे गट, प्रत्येक गटातली सर्वांत मोठी आणि लहान यांतला फरक, त्या फरकांची सरासरी, भागिले २.३२६. सगळ्या मापांवरून थेट विचलन काढलं तर जे येतं त्याला क्वालिटीवाले पीपीके म्हणतात. आकडे जवळपास असतात, पण ऑडिटरसमोर ते दोन वेगळे आकडे आहेत.

टूलपॅक मिळत नसेल तर लाइनएस्ट, कोरेल, फ्रीक्वेन्सी, टी.टेस्ट ही फंक्शन्स एक्सेलमध्येच असतात, ब्राउझरमध्येही चालतात. आणि लिब्रेऑफिस कॅल्क विनामूल्य आहे. त्याच्या डेटा मेनूत ‘स्टॅटिस्टिक्स’ आधीपासून आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही. विद्यार्थ्यांना मी आता सरळ तेच सांगते.

टूलपॅकबद्दल एक सापळा राहिला. ‘डेटा ॲनालिसिस’ जे तक्ते काढून देतं त्यांतले बहुतेक नुसते आकडे असतात, फॉर्म्युले नाहीत. एक फायदा असा, की जुना निकाल फक्त वाचायचा असेल तर ॲड-इन लागत नाही. तोटा असा, की मापं बदलली तरी निकाल बदलत नाही. एकदा दोन चुकीची मापं मी दुरुस्त केली आणि हिस्टोग्राम तसाच पुढे पाठवला. आता प्रत्येक निकालाच्या वर ‘काढल्याची तारीख’ लिहिते.

९. फाइलमध्ये ‘आधी वाचा’ नावाची शीट टाका

सगळं चालू झालं की त्याच दिवशी, उद्यावर न टाकता. माझ्या फाइलमधली पहिली शीट अशी आहे:

- एक्सेल: ३६५, ६४-बिट, विंडोज.
- लागणारी ॲड-इन्स: ॲनालिसिस टूलपॅक, सीपीकेची एक्सएलएएम फाइल.
- एक्सएलएएमची प्रत: सर्व्हरवर क्वालिटीच्या फोल्डरमध्ये, ‘ॲड-इन’ नावाच्या फोल्डरात. कॉपी केल्यावर अनब्लॉक करणे.
- कोणत्या शीटच्या कोणत्या कॉलमात ते फंक्शन वापरलंय.
- विचलनाची रीत: पाचचे गट, भागिले २.३२६.
- तपासणीसाठी नमुना: या शीटवरची २५ मापं. उत्तर १.४१ यायला हवं. वेगळं आलं तर रिपोर्ट पाठवू नये.